एकशेतीस बाबाशाही, शंभर कलदार: बडोदे संस्थानातील नाणेबदलाचे प्रकरण

इ.स. १९०१ मध्ये बडोदे संस्थानाने आपला बाबाशाही रुपया चलनातून काढून घेतला आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया संस्थानाचे चलन म्हणून स्वीकारला. बदलाचा भाव १३० बाबाशाहीस १०० कलदार असा ठरला. बडोद्यात ज्या मराठी घरांनी पणजोबांची दप्तरे जपून ठेवली आहेत, त्यांना हे दोन्ही शब्द परिचयाचे असतात. खरेदीखत असो, गहाणखत असो किंवा देवस्थानाच्या वर्षासनाची नोंद असो, रकमेच्या मागे ‘बाबाशाही’ की ‘कलदार’ हे लिहिल्याशिवाय ती रक्कम पुरी होत नसे.

या भावाविषयी आपल्याकडे सर्रास एकच उत्तर दिले जाते: बाबाशाहीत चांदी कमी होती, म्हणून एकशेतीस द्यावे लागले. चांदी कमी होती हे खरे आहे, पण भावाचा उलगडा त्याने होत नाही, आणि साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला की हे उत्तर मोडून पडते. १९०१ चा भाव दोन नाण्यांतल्या चांदीचे प्रमाण सांगत नाही. नाणे पाडण्याचा हक्क त्या वेळी कोणाच्या हाती एकवटला होता, हे तो सांगतो. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण तेवढेच आहे.

दोन रुपयांचा मुलूख

गायकवाडांचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत ब्रिटिश जिल्ह्यांत आणि काठेवाडच्या लहानमोठ्या संस्थानांत विखुरलेले होते. एका गावात बाबाशाही चालायचा आणि दोन कोसांवरच्या गावात कलदार. १८६० च्या दशकात मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग बडोद्यावरून गेला आणि हा प्रश्न शिवेवर राहिला नाही, तो थेट शहराच्या मध्यभागी आला. रेल्वेचे भाडे कलदारात, टपालाचा हाशील कलदारात, मुंबईच्या पेढीवरची हुंडी कलदारात. मात्र संस्थानाच्या तिजोरीत भरायचा सारा, संस्थानी नोकराचा पगार आणि मांडवीच्या आसपासचा रोजचा बाजार बाबाशाहीत. कापूस मुंबईला जायचा, म्हणून त्याची किंमत अखेर कलदारात ठरायची. तो पिकवणाऱ्या कुणब्याचे देणे मात्र बाबाशाहीत असायचे. या दोहोंच्या मध्ये सराफ बसलेला असे, आणि दोन्ही बाजूंचा बट्टा, म्हणजे नाणे बदलताना होणारी कपात, तोच ठरवीत असे.

मराठी मुलखाला हे नवे नव्हते. चांदवडी, अंकुशी, हाली अशा नाना रुपयांचे जमाखर्च पेशवाईतले कारकून ठेवीतच होते, आणि पोतदाराने पारखल्याशिवाय रक्कम जमा धरली जात नव्हती. बडोद्याचे वेगळेपण एवढेच, की ही व्यवस्था तिथे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली.

दांडिया बाजारातल्या एका संग्राहकाकडे दोन बाबाशाही रुपये शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. पहिला हातोड्याने पाडलेला, खंडेराव महाराजांच्या काळचा. साचा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे फार्सी मजकुराची अर्धी अक्षरे कडेबाहेर गेलेली आहेत, तरी गायकवाडांची तलवार आणि ‘खं गा’ ही नागरी अक्षरे शाबूत आहेत. मल्हाररावांच्या नाण्यांवर याच जागी ‘मा गा’ येते, सयाजीरावांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ‘सा गा’. चकतीची जाडी एकसारखी नाही, आणि एका बाजूला पारख्याने मारलेली बारीक टोच स्पष्ट दिसते. दुसरा रुपया यंत्रावर पाडलेला, विक्रम संवताच्या १९५० नंतरचा: एका बाजूस पगडी घातलेले तरुण सयाजीराव, भोवती नागरीत त्यांचे नाव, आणि मागे वेलीच्या वर्तुळात ‘एक रुपया’, संवत आणि तलवार. हे नाणे घडणीत कलदारापेक्षा कुठेही उणे वाटत नाही. ज्या राज्याने हौसेने यंत्र आणून इतके देखणे नाणे पाडले, त्याने दहा वर्षांच्या आत ते पाडणे का थांबवले, असा प्रश्न ते हातात घेतल्यावर पडल्याखेरीज राहत नाही.

२६ जून १८९३

उत्तर बडोद्यात सापडत नाही, ते मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत सापडते. कलदार रुपया १८० ग्रेनांचा, त्यात अकरा-बारांश म्हणजे १६५ ग्रेन चोख चांदी. १८९३ पर्यंत कोणीही चांदीची लगड टांकसाळीत नेऊन, सुमारे दोन टक्के घडणावळ देऊन, तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. त्यामुळे कलदाराची किंमत आतल्या चांदीपासून फार लांब जाऊच शकत नव्हती. रुपया चांदीच्या वर चढला की लोक चांदी टांकसाळीत नेत, उतरला की रुपये मुशीत जात. बाबाशाहीचेही मोजमाप चांदीचेच. जोवर दोन्ही नाणी एकाच धातूला बांधलेली होती, तोवर त्यांच्यातला बट्टा मुख्यतः वजनाचा आणि कसाचा फरक होता, आणि त्यावर हंगामाची थोडी वरखाली. साऱ्याच्या हप्त्याच्या सुमारास बाबाशाहीला मागणी येणार, मुंबईचे देणे फेडण्याच्या वेळी कलदाराला. सराफाची रोजची कमाई या लाटेवर होती.

परंतु चांदीच घसरत होती. लंडनच्या बाजारात प्रमाणित चांदीचा औंस १८७०-७१ च्या सुमारास ६० पेन्सांवर होता, तो १८९२ पर्यंत ४० पेन्सांच्या आत आला. कलदाराचा पौंडातला भाव दोन शिलिंगांच्या जवळून १८९२-९३ मध्ये १ शिलिंग ३ पेन्सांपर्यंत उतरला. सरकारला विलायतेत सोन्यात पैसे पाठवायचे होते, तेव्हा ही घसरण सरकारच्या अंदाजपत्रकाला झेपेना. हिंदुस्थानच्या चलनासाठी नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. लगेच भाव सुधारला असे नाही. १८९४-९५ मध्ये तो १३ पेन्सांच्या आसपास गेला. पण नवे रुपये मिळेनासे झाले, टंचाई वाढली आणि १८९८ च्या सुमारास कलदार १६ पेन्सांवर, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्सांवर येऊन ठेपला. १८९९ च्या कायद्याने सॉव्हरिनला, म्हणजे एका पौंडाच्या सोन्याच्या नाण्याला, १५ रुपये हा भाव पक्का केला.

तीन-चार वर्षांत कलदार पौंडाच्या हिशेबात सुमारे बावीस टक्के चढला, आणि त्याच मुदतीत चांदी मात्र स्वस्तच राहिली. कलदाराचा चांदीशी असलेला बांध तुटला तो इथे. बाबाशाहीसाठी असा बांध तोडणारा कोणताही कायदा होणार नव्हता. एक रुपया सरकारी टंचाईच्या जोरावर वर चढला आणि दुसरा धातूच्या बाजूला मागे राहिला. त्यांच्यातले अंतर वाढण्याची दिशा बडोद्यात कोणी काहीही न करता पक्की झाली.

एकशेतीसचा हिशेब

आता हे आकडे एकत्र ठेवून पाहू. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स, आणि रुपयाचे आणे १६. म्हणजे या भावाला एक आणा बरोबर एक पेनी होतो, आणि हिशेब फार सोपा होतो. १९०१ मध्ये चांदीचा औंस सुमारे २७ पेन्स होता. प्रमाणित औंसात ४४४ ग्रेन चोख चांदी असते. कलदारातली १६५ ग्रेन चांदी या भावाने १० पेन्सांची, म्हणजे १० आण्यांची भरते. सोळा आण्यांना चालणाऱ्या रुपयात दहा आण्यांची चांदी होती. जहाजभाडे आणि चांदीवरची आयात जकात धरली, तरी हा आकडा अकरा आण्यांच्या आतच राहतो.

१३० ला १०० या भावाने एका बाबाशाहीचे १२ आणे आणि सुमारे ३.७ पै येतात (एका आण्याच्या बारा पै). बाबाशाहीत कलदाराइतकी चांदी नव्हतीच. पण वादासाठी तेवढी होती असे धरले, तरी तिची किंमत दहा-साडेदहा आणे होते. तेव्हा साडेबारा आण्यांच्या जवळ जाणारा हा भाव चांदीचा भाव असूच शकत नाही. बाबाशाहीदेखील आपल्या चांदीच्या वर चालत होता. संस्थानाची तिजोरी तो साऱ्यात घेत होती, त्यात पगार मिळत होते, बाजार त्यावर चालत होता, आणि त्याचा पुरवठाही बेसुमार नव्हता. प्रत्येक नाण्यामागे दोन आण्यांहून अधिक किंमत या चलतीची होती. बडोदे दरबाराने उद्या ‘आम्ही हे नाणे घेणार नाही’ एवढेच म्हटले असते, बदलून दिले नसते, तर घरोघरच्या पेट्यांतला बाबाशाही एका दिवसात बारा आण्यांवरून दहा आण्यांच्या खाली आला असता. त्या दृष्टीने पाहता भाव ठरवून नाणी परत घेणे हे रयतेच्या शिल्लकीचे रक्षण होते, आणि ‘तीस रुपये बुडाले’ अशी जी भावना जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती हिशेबाला धरून नाही. तीस रुपयांचा फरक आधीच बाजारात होता.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. परत घेतलेली नाणी वितळवून चांदी बाजारात विकली, तर विकणाऱ्याला मोठी खोट. एक लाख बाबाशाहीबद्दल ७६,९२३ कलदार द्यावे लागणार, आणि कलदाराइतकी चांदी धरूनही तिचे लंडनच्या भावाने जेमतेम ६२,५०० येणार. लाखामागे चौदा हजारांहून अधिक तूट. पण तीच चांदी कलदार पाडण्याचा हक्क असलेल्या टांकसाळीत गेली, तर? शंभर कलदारांना १६,५०० ग्रेन चोख चांदी लागते. ती एकशेतीस नाण्यांतून मिळायची असेल, तर प्रत्येक नाण्यात सुमारे १२७ ग्रेन असली की पुरे. बाबाशाहीचे वजन कलदाराच्या जवळपास होते. अशा नाण्याचा कस पाऊण हिश्श्याइतका असला तरी त्यात १२७ ग्रेनांपेक्षा जास्त चांदी भरते. म्हणजे कस त्याहून बरा असेल तर एकशेतीस जुन्या नाण्यांतून शंभराहून अधिक नवे कलदार पडतात, आणि वरचे सगळे टांकसाळीच्या पदरात.

एकच नाणे, एकच भाव, एकच चांदी. सराफाच्या मुशीत ती खोट आहे, सरकारी साच्याखाली नफा आहे. फरक फक्त छाप मारण्याच्या अधिकाराचा. १८९३ पर्यंत हा अधिकार बडोद्याकडेही होता आणि त्याला बाजारात किंमतही होती; कारण नाण्याचा भाव तेव्हा धातूवर उभा होता आणि धातू सर्वांना सारखाच. त्यानंतर नाण्याचा भाव टंचाईवर उभा राहिला, आणि टंचाई निर्माण करण्याची सत्ता एकाच ठिकाणी होती. सुंदर यंत्रावर पाडलेला सयाजीरावांचा रुपया मागे पडला तो या कारणाने.

तेरा नाणी ज्यांच्याकडे नव्हती

भाव शेकड्यात सांगितला की तो सर्वांना सारखा वाटतो. देवघेव शेकड्यात होत नाही. १३० ला १०० हे प्रमाण पूर्णांकात बसते ते कमीत कमी तेरा बाबाशाहीस दहा कलदार या ठिकाणी. ज्याच्याकडे तेरा, सव्वीस, एकोणचाळीस नाणी, त्याचा हिशेब चोख. ज्याच्या कनवटीला एकच रुपया होता, त्याला १२ आणे ३.७ पै मिळायला हवे होते, आणि पैपेक्षा लहान नाणेच नव्हते. काटेकोर खजिनदाराने त्याला १२ आणे ३ पै दिले असतील. गावच्या दुकानदाराने ‘बारा आणे घे’ म्हटले असेल, तर रुपयामागे अडीच टक्के तिथेच गेले. उलट बाजूने, ज्याला एक कलदार घ्यायचा त्याला एक बाबाशाही, ४ आणे आणि सुमारे १० पै मोजायचे. तो साहजिकच पाच आणे वर्ताळा देणार. मोठ्या सावकाराला या अपूर्णांकांनी काही बिघडत नाही. रोजंदारी करणाऱ्याला ते दर बदलीला सोसावे लागतात, कारण त्याची प्रत्येक बदली लहान असते.

बाजारभावांतही हेच घडू शकते. बाबाशाही आण्याला मिळणारी भाजीची जुडी नाणे बदलल्यावर कलदार आण्याला मिळू लागली, तर शब्द तोच राहतो आणि किंमत तीस टक्क्यांनी वाढते. मजुरीचा आकडा तसाच राहिला तर मजुराचा फायदा, आणि भावाने कापून घेतला तर तोटा. कोणता आकडा ‘तसाच’ राहतो आणि कोणता कापला जातो, हे ज्याचा वरचष्मा असेल तो ठरवतो.

त्यात काळ कोणता? संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ नुकताच ओसरत होता. संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाख १५ हजार होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत १९ लाख ५३ हजारांवर आली. कापूस बुडाला की कलदार आत येणे थांबते, आणि धान्य बाहेरून आणायचे म्हटले की कलदार बाहेर जातो. अशा वर्षांत बाबाशाहीचा भाव दबलेला राहणे स्वाभाविक आहे. १९०१ चा भाव हा दुष्काळातून निघालेल्या बाजाराचा भाव होता, ही गोष्ट त्याचे मूल्यमापन करताना मला फार वजनाची वाटते.

सारा, कर्ज आणि बडोद्याशी जोडलेली तीन नावे

ज्या गावांचा सारा बाबाशाहीत बांधलेला होता, त्यांच्यापुढचा प्रश्न आणखी खोल होता. समजा खातेदाराचा सारा ६५ बाबाशाही. एकशेतीसच्या भावाने तो ५० कलदार होतो आणि बाह्यतः काहीच बदलत नाही. पण पुढच्या वीस वर्षांसाठी त्याचे देणे चांदीच्या जागी टंचाईच्या नाण्याशी बांधले गेले. बाबाशाही स्वस्त होत गेला असता तर त्याचा बोजा आपोआप हलका झाला असता. कलदारात तो स्थिर राहिला. सावकाराच्या कर्जाचेही तेच.

हा मुद्दा त्या काळी कोणाच्या ध्यानात आला नाही असे नाही. १८९८ मध्ये रुपयाच्याच प्रश्नावर नेमलेल्या फाउलर समितीपुढे रमेशचंद्र दत्तांनी साक्ष दिली, आणि कृत्रिम रीतीने रुपया महाग केल्याने शेतकऱ्याचे कर आणि कर्ज दोन्ही खऱ्या अर्थाने वाढतात, ही त्यांची हरकत होती. त्याच समितीकडे दादाभाई नौरोजींनीही निवेदने पाठवून याच अदृश्य करवाढीवर बोट ठेवले. दादाभाई १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण होते. दत्त १९०४ मध्ये बडोद्याच्या महसूल खात्याचे मंत्री झाले, पुढे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच वारले. महसूल मंत्री म्हणून ज्या मुलखाचा सारा त्यांच्या हाताखाली आला, तो नुकताच कलदारात गेलेला होता.

तिसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले आणि १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. टांकसाळी बंद केल्याबद्दल त्यांचा आक्षेप दत्तांसारखा नव्हता. नाण्यांच्या संख्येला कायद्याची पक्की मर्यादा असावी, ती सरकारच्या मर्जीवर सोडू नये, आणि परदेशी हुंडणावळीपेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाबाशाहीच्या प्रकरणाला हीच कसोटी लावावी असे मला वाटते. शंभराला एकशेतीस की एकशेपंचवीस यावर वाद घालण्यापेक्षा, बदलानंतर त्या कलदाराला ज्वारी किती मिळत राहिली, यावर खातेदाराचे हित ठरणार होते.

न घेतलेले दोन मार्ग

१८७६ च्या कायद्याने संस्थानांना आपली चांदी सरकारी टांकसाळीत पाठवून कलदाराच्याच वजनाकसाचे, पण आपले नाव असलेले रुपये पाडून घेण्याची सोय होती. अलवारने ती घेतली. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी आणि दुसऱ्या बाजूला अलवारच्या महाराजांचे नाव असे ते रुपये आहेत. नाव राहिले, अधिकार गेला. दुसरा मार्ग हैदराबादचा. निजामाने आपला हाली सिक्का सोडला नाही, त्याचा पुरवठा स्वतः आवळून धरला आणि ११६ रुपये १० आणे ८ पैंस १०० कलदार, म्हणजे सातास सहा, हा भाव सांभाळला; ते चलन संस्थान विलीन झाल्यानंतरही काही वर्षे टिकले. यासाठी मोठा सलग मुलूख आणि कलदारांचा साठा लागतो. चार तुकड्यांत विभागलेल्या, रेल्वेने मुंबईला जोडलेल्या बडोद्याला तो मार्ग झेपला असता असे मला वाटत नाही, आणि म्हणून दरबाराचा निर्णय मी योग्य मानतो. आक्षेप घ्यायचाच तर तो दुष्काळाच्या पाठोपाठ साधलेल्या वेळेला घ्यावा लागेल.

ज्यांच्या घरी जुने कागद आहेत, त्यांनी एक काळजी घ्यावी. १८८० च्या खतातली एक हजार बाबाशाहीची रक्कम १३० च्या भावाने भागून ७६९ कलदार, ३ आणे, ८ पै अशी लिहिणे चूक आहे. तो भाव १९०१ चा आहे. १८९३ पूर्वीच्या कागदाला तो लागू होत नाही, कारण तेव्हा दोन्ही नाणी चांदीवर चालत होती. त्या काळचा भाव हवा असेल तर त्याच घराची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडावी आणि मुंबईच्या हुंडीची एखादी नोंद शोधावी. तिथे दिलेले कलदार, त्यापोटी आलेले बाबाशाही आणि बट्ट्याची वेगळी ओळ अशा तीन रकमा सापडल्या, की त्या दिवसाचा, त्या सराफाचा भाव मिळतो. साऱ्याच्या हप्त्याचा महिना आणि इतर महिने यांच्या नोंदी वेगळ्या मांडाव्यात, नाहीतर हंगामी चढउतारालाच मूळ भाव समजण्याची चूक होते.